रोज तासभर बसूनही पियानो पुढे का सरकत नाही?

प्रिय संपादक,

सप्रेम नमस्कार. मागच्या महिन्यात तुमच्या पुरवणीत एका वाचकाचं पत्र आलं होतं. पन्नाशी ओलांडल्यावर पियानो शिकायला घेतला, पहिलं वर्ष मजेत गेलं, आणि आता दीड वर्ष झालं गाडी जागची हलत नाहीये, रोज तासभर बसतो तरी तेच तेच चुकतं, आता वयच झालं म्हणायचं का, असं त्यांनी विचारलं होतं. पुढच्या अंकात दोघातिघांची उत्तरं आली आणि सगळ्यांचा सूर एकच, धीर धरा, नियमित सराव करा, सरावाने सगळं जमतं. मला ते वाचून खरंच वाईट वाटलं. अहो, तो माणूस सराव करतोयच ना! रोज तासभर, दीड वर्ष! त्याला आणखी सराव करा म्हणून सांगणं म्हणजे बंद दारावर डोकं आपटणाऱ्याला जरा जोरात आपट म्हणण्यासारखं आहे. तो तासभर नेमकं करतो काय, हे कुणीच विचारलं नाही, आणि म्हणून हे पत्र.

मी स्वतः चव्वेचाळिसाव्या वर्षी सुरुवात केली. त्याआधी संगीताशी संबंध फक्त ऐकण्यापुरता. पहिले सातआठ महिने भराभर गेले, दर आठवड्याला काहीतरी नवीन यायचं, घरचे पण म्हणायचे वा, छान वाजवतेस. मग एक दिवस लक्षात आलं की गेले कित्येक महिने आपण तिथेच आहोत. माझ्या तेव्हाच्या शिक्षकांना विचारलं तर म्हणाले, या वयात एवढं येतंय हेच खूप आहे. ते वाक्य माझ्या मनात पुढे वर्षभर रुतून बसलं होतं, पियानोसमोर बसलं की आठवायचं.

तेव्हाचा माझा सराव कसा होता ते सांगते, म्हणजे ज्यांचं अडलंय त्यांना आपलाच सराव दिसेल कदाचित. मी बसायचे आणि पीस, म्हणजे शिकायला घेतलेली रचना, पहिल्या बारपासून (बार म्हणजे कागदावरच्या दोन उभ्या रेषांमधला ठरावीक मात्रांचा तुकडा) सुरू करायचे. सुरुवातीचे आठदहा बार छान जायचे, मग अवघड जागा यायची, तिथे अडखळायचे, चुकलं की परत पहिल्यापासून. परत तिथेच अडखळायचे, परत पहिल्यापासून. असा तास संपायचा. आता हिशोब करा, त्या तासात जे मला आधीच येत होतं ते मी पंचवीस वेळा वाजवलं, आणि जे येत नव्हतं ते पंचवीस वेळा चुकीचं वाजवलं. म्हणजे चुकीचाच रियाज केला की! बोटांना काय माहीत कुठलं बरोबर नि कुठलं चूक, जे वारंवार कराल ते ती पक्कं करून ठेवतात. आणि पीसचा शेवट? तिथपर्यंत तर मी आठवड्यातून दोनदा पोचत असेन. म्हणून माझे सगळे पीस सुरुवातीला सुंदर आणि शेवटाकडे ढासळत जाणारे असे होते.

एक उदाहरण जरा खोलात जाऊन देते कारण त्यानेच माझे डोळे उघडले. ‘जी मेजर’ या स्वरपट्टीतला तो प्रसिद्ध मिन्युएट (नाचाच्या चालीचा एक छोटा पीस) जवळपास प्रत्येक नवशिक्याच्या वाट्याला येतो, जर्मन संगीतकार बाखने आपल्या बायकोसाठी ठेवलेल्या १७२५ च्या वहीत तो आहे म्हणून लोक बरीच वर्षं तो बाखचाच समजत होते, पण तो आहे ख्रिस्तियान पेट्झोल्ड या दुसऱ्या संगीतकाराचा. सगळा मिळून ३२ बार. त्यातला एकविसावा बार बघा. उजवा हात ए, बी, सी शार्प, डी, ई, एफ शार्प असे सहा सूर चढत जातो (ए, बी, सी ही पाश्चात्य सुरांची नावं, शार्प म्हणजे त्या सुराच्या लगेच उजवीकडची पट्टी) आणि बाविसाव्या बारच्या सुरुवातीला ‘जी’ या सुरावर पोचतो. मी त्या जीवर चुकायचे, कधी एफ लागायचा, कधी दोन पट्ट्या एकदम. मला वाटायचं दोन हात एकत्र येत नाहीत, म्हणून दोन हातांनी तो जी घोटून घोटून वाजवायचे, चार महिने. काही फरक नाही.

मग एकदा सहज मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐकलं. आधी फक्त उजवा हात. तरी चूक आलीच, म्हणजे दोन हातांचा प्रश्न नव्हताच. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा कान देऊन ऐकलं तेव्हा कळलं की डीच्या आधी एक बारीकशी फट पडतेय, आणि ती भरून काढायला पुढचे ई आणि एफ शार्प घाईत येतायत, आणि त्या घाईत जी हुकतोय. म्हणजे चूक ऐकू येत होती जीवर, पण झाली होती तीन सूर आधी. तिथे फिंगरिंग, म्हणजे कुठल्या सुराला कुठलं बोट, असं की अंगठा एवर, तर्जनी बीवर, मधलं बोट सी शार्पवर, आणि मग मधल्या बोटाखालून अंगठा सरकवून डीवर आणायचा. माझा अंगठा सी शार्प वाजून होईपर्यंत निवांत बाहेर थांबायचा आणि मग एकदम कोपर बाहेर फेकून, मनगटाला हिसका देऊन डीवर यायचा. उपाय काय होता? तर्जनीने बी वाजवला की अंगठ्याने खालून चालायला लागायचं, म्हणजे मधलं बोट सी शार्पवर असताना तो आधीच डीच्या डोक्यावर हजर. बस. मी चारच सूर घेतले, ए, बी, सी शार्प, डी, अगदी संथ, आणि डीच्या आधी मुद्दाम थांबून बघायचे अंगठा पोचलाय का. तीन दिवसांत चार महिन्यांची गाठ सुटली. सी शार्प ही काळी पट्टी उंच असल्यामुळे खालून जायला अंगठ्याला जागाही भरपूर असते हे तेव्हा हाताला कळलं. संगीतकार शोपाँ आपल्या शिष्यांना पहिली स्केल (ओळीने चढत-उतरत वाजवायची स्वरपट्टी) सी मेजर न देता बी मेजर द्यायचा ती याचसाठी, लांब बोटं काळ्या पट्ट्यांवर आपोआप बसतात आणि अंगठा मोकळा राहतो. आपण मात्र सगळे सी मेजरने सुरुवात करतो, कारण ती वाचायला सोपी आहे, हाताला नव्हे.

हे नुसतं माझं अनुभवाचं बोलणं नाही. अमेरिकेत ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात रॉबर्ट ड्यूक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पियानोच्या वरच्या वर्गातल्या १७ विद्यार्थ्यांना रशियन संगीतकार शोस्ताकोविचच्या कॉन्सर्टोमधला (वाद्यवृंदासोबत वाजवायची मोठी रचना) तीन बारचा एक अवघड तुकडा दिला, हवा तेवढा वेळ सराव करा म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी वाजवून घेतलं. २००९ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. किती मिनिटं सराव केला आणि किती वेळा वाजवलं याचा दुसऱ्या दिवशीच्या वाजवण्याशी काही संबंध निघाला नाही. संबंध निघाला तो सरावात किती वेळा चुकीचं वाजलं याच्याशी. जे सगळ्यात चांगले वाजवून गेले त्यांच्याही चुका सुरुवातीला होत होत्याच, पण चूक झाली की ते नेमकी जागा पकडायचे, तिथे वेग कमी करायचे, आणि ती सुटल्याशिवाय पुढे जायचे नाहीत. बाकीच्यांच्या त्याच चुका परत परत येत राहिल्या. मला हे वाचून इतका धीर आला काय सांगू, कारण वेळ वाढवणं माझ्या हातात नव्हतं, नोकरी आहे, घर आहे, पण आहे त्या वेळात काय करायचं ते तर माझ्याच हातात आहे ना.

आता संथ वाजवण्याबद्दल. सगळे सांगतात हळू वाजवा, आणि आपण हळू म्हणजे नेहमीपेक्षा जरासं कमी एवढंच समजतो. तेवढ्याने काही होत नाही. हळू म्हणजे इतकं हळू की पुढचं बोट कुठे जाणार हे ते जायच्या आधी तुम्हाला ठाऊक असेल आणि खांदे ढिले असतील. त्या वेगात सलग तीनचारदा बिनचूक आलं तरच ते आलं म्हणायचं, पाच वेळा चुकून सहाव्यांदा बरोबर आलं आणि आपण हुश्श करून उठलो तर बोटांच्या लक्षात पाचच राहणार. आणि हो, नुसतं हळू वाजवत बसल्यानेही वेग येत नाही, हे मला उशिरा कळलं. मेट्रोनोमचा (ठरावीक वेगाने टिकटिक करणाऱ्या यंत्राचा) काटा रोज थोडा थोडा वर नेत गेलात की एका ठिकाणी तो अडतोच, कारण हळू वाजवताना हाताची जी हालचाल चालते ती वेगात चालतच नाही. त्यासाठी उलट करायचं, दोनच सूर घ्यायचे पण पूर्ण वेगात, आणि थांबायचं. हात सैल. मग तीन सूर पूर्ण वेगात, थांबायचं. मग चार. असा एकेक सूर जोडत गेलं की वेग तुकड्यातुकड्याने हातात येतो आणि कुठे अडकतंय तेही चटकन कळतं. आणि शेवटाकडून मागे यायचं, म्हणजे शेवटचे दोन बार आधी बसवायचे, मग त्याच्या आधीचे दोन जोडायचे, असं. मग वाजवताना तुम्ही कायम अनोळखीकडून ओळखीच्या जागेकडे जाता, शेवट ढासळत नाही.

सलग तासभर एकाच जागेवर घासत बसणं हे मी पूर्ण सोडलं. मी तीन अवघड जागा निवडते, प्रत्येकीला पाचसात मिनिटं, मग दुसरी, मग तिसरी, परत पहिली. हे करताना वाईट वाटतं बरं का, कारण परत पहिलीकडे आलं की ती जरा विसरल्यासारखी होते आणि वाटतं अरे आत्ता तर येत होतं. पण तो आठवून काढण्याचा त्रासच कामाला येतो. १९७९ मध्ये शी आणि मॉर्गन या दोन संशोधकांनी हाताच्या हालचालींवर असा प्रयोग केला होता, एक गट एकेक हालचाल सलग घोटत होता आणि दुसरा गट मिसळून, सरावाच्या वेळी सलगवाले पुढे होते, पण काही दिवसांनी परत करून घेतलं तेव्हा मिसळवाले पुढे गेले. म्हणजे सरावाच्या वेळी जे छान वाटतं त्यावर विश्वास ठेवायचा नाही, दुसऱ्या दिवशी थंड हाताने पहिल्या झटक्यात काय येतं ते खरं. मी तर रोज बसल्या बसल्या कालच्या तिन्ही जागा एकेकदा वाजवते, वॉर्मअप न करता, आणि वहीत खूण करते, आली किंवा नाही आली.

आणि झोप. झोपेचे अभ्यासक मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलं की बोटांनी एक ठरावीक क्रम टाइप करायला शिकलेल्यांचा वेग रात्रभर झोपून उठल्यावर साधारण २० टक्क्यांनी वाढला, मध्ये एकदाही सराव न करता, आणि तेवढाच वेळ दिवसा जागं राहिल्यावर तसं झालं नाही. त्यामुळे रात्री झोपायच्या आधी दहा मिनिटं आणि सकाळी दहा मिनिटं हे रविवारी बसून दोन तास ठोकण्यापेक्षा कितीतरी चांगलं. ज्यांना आठवडाभर वेळ मिळत नाही म्हणून रविवारी सगळं भरून काढायचं असतं त्यांनी हे जरूर करून बघावं.

मोठ्या माणसांकडे वेळ नसतो पण डोकं असतं, ते वापरायला हवं. १९९५ मध्ये मेंदूचे अभ्यासक पास्कुअल-लिओने यांच्या गटाने पियानो कधीच न शिकलेल्या लोकांना पाच बोटांचा एक छोटा व्यायाम दिला, रोज दोन तास, पाच दिवस. एका गटाने खरोखर वाजवला, दुसऱ्याने पियानोसमोर बसून फक्त मनात वाजवला. मनात वाजवणाऱ्यांच्याही मेंदूतला बोटांचा भाग वाजवणाऱ्यांसारखाच बदलला होता, आणि पाच दिवसांनी ते वाजवणाऱ्यांच्या तिसऱ्या दिवसाइतके तयार होते, मग प्रत्यक्ष एकच बैठक दिली तर बरोबरीला आले. मी हे प्रवासात करते, डोळे मिटून चार बार, कुठलं बोट कुठे. जिथे मनात धूसर होतं ना, तिथेच प्रत्यक्षात पण हात अडखळतो, नेमकं तिथेच!

आणखी एक गोष्ट, ती कुणी बोलत नाही. बऱ्याच मोठ्या माणसांचं अडतं ते बोटांमुळे नाही तर वाचनामुळे. आपण एक पीस घेतो, सहा महिने लावतो, सूर मोजून मोजून एकदाचे काढतो, मग ते बोटांना पाठ होतं आणि आपण कागदाकडे बघणंच बंद करतो, नजर पट्ट्यांवर. पुढचा पीस आला की परत शून्यापासून. म्हणजे दोन वर्षांत आपण चार पीस शिकलो, वाचायला नाहीच शिकलो. त्यातून मोठ्या माणसाचा कान पुढे गेलेला असतो, आयुष्यभर चांगलं चांगलं ऐकलेलं असतं, त्यामुळे सोपे पीस वाजवायला नको वाटतात, लहान मुलांचे वाटतात, आणि मग झेपणार नाही असा एक मोठा पीस घेऊन वर्षभर त्याच्याशी झटापट. माझं कळकळीचं सांगणं आहे की एक अवघड पीस चालू असू द्या, पण त्याच्या सोबत खूप सोपे, आपल्या पातळीच्या दोन पायऱ्या खालचे, रोज एक नवीन, दहा मिनिटं, चुकलं तरी न थांबता, नजर कागदावर, असे वाचत जा. हंगेरियन संगीतकार बार्टोकने यासाठीच १५३ छोटे तुकडे चढत्या क्रमाने लिहून ठेवलेत, सहा भागांत, पहिल्या भागातले तर हाताची जागा न बदलता पाच बोटांतच वाजतात आणि तरी ते खरं संगीत आहे, बालिश नाही. हे सुरू करून मला चारेक महिने झाले तेव्हा एक नवीन पीस मी पहिल्याच दिवशी शेवटपर्यंत वाजवू शकले, त्या दिवशी मी रडले होते.

वाद्याचं पण बघून घ्या. हलक्या पट्ट्यांचा ६१ कीजचा कीबोर्ड असेल तर काही काळाने हात पुढे जाणारच नाही, कारण बोटाच्या वजनाने हळू-जोरात करायला त्यावर नीट शिकता येत नाही, वेटेड, म्हणजे खऱ्या पियानोसारख्या जड, ८८ कीज हव्यात. बसायची उंची अशी की कोपर साधारण पट्ट्यांच्या पातळीला यावं. दुखलं तर थांबायचं, सहन करून बोटं मजबूत होतात हा समज अतिशय चुकीचा आहे, जर्मन संगीतकार शूमानचा उजवा हात विशीतच कायमचा बिघडला आणि पियानोवादक होण्याचं त्याचं स्वप्न तिथे संपलं. शोपाँ तर शिष्यांना दिवसाला तीन तासांच्या वर बसू नका सांगायचा, आणि ते शिष्य पट्टीचे वाजवणारे होते.

शिक्षक मंडळींना एक विनंती करायची आहे, राग मानू नका. आमच्यासारखे मोठे विद्यार्थी आठवड्यातून एकदा येतात, तुम्ही ऐकता, चुका सांगता, घरी सराव करा म्हणता. पण घरी आम्ही काय करतो ते तुम्ही कधी बघितलेलंच नसतं. महिन्यातून एकदा तरी अर्धा तास आम्हाला तुमच्यासमोर नुसता सराव करायला लावा, वाजवून दाखवायला नाही, सराव. तुम्ही गप्प बसून बघा. आम्ही कुठे घाई करतो, काय टाळतो, किती वेळा उगाच पहिल्यापासून सुरू करतो ते तुम्हाला पाच मिनिटांत दिसेल. माझ्या आत्ताच्या शिक्षिका हे करतात आणि त्या अर्ध्या तासातून मला जे मिळतं ते इतर कशातून मिळत नाही. आणि कृपा करून कुणाला या वयात एवढंच म्हणू नका. मोठं माणूस लहान मुलापेक्षा कदाचित सावकाश शिकत असेल, पण सांगितलेलं कारण त्याला समजतं, आपली चूक आपण शोधू शकतं, आणि कुणी बळजबरी न करता स्वतःच्या हौसेने आलेलं असतं, हे काय थोडं आहे?

संपादक साहेब, पत्र लांबलं, पण शक्य असेल तर छापा, कारण त्या वाचकांचा पत्ता माझ्याकडे नाही. त्यांना माझं एवढंच सांगणं, आज बसाल तेव्हा पीस सुरुवातीपासून वाजवू नका. जिथे रोज अडतं त्या जागेच्या दोन बार आधीपासून फक्त एका हाताने वाजवा, मोबाईलवर रेकॉर्ड करा, आणि ऐकताना चुकलेल्या सुराकडे नाही तर त्याच्या आधीच्या दोनतीन सुरांकडे कान द्या. दुसऱ्या हाताने पण तसंच. काय सापडलं ते याच पानावर कळवा, कुठला पीस, कितवा बार, कुठलं बोट, मी वाट बघतेय.

आपली,
सातव्या वर्षातही शिकत असलेली एक विद्यार्थिनी